दिलासा नको, जामीन राहा

"अरे, तू कशाला काळजी करतोस? आम्ही आहोत ना!"

गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजदाद ठेवायला हवी होती असं वाटतं. फोनवर ऐकलं, चहाच्या टपरीवर ऐकलं, ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात धरून ऐकलं. म्हणणारे सगळे माझे मित्र आहेत, जुने आणि जिवाभावाचे. त्यांच्यापैकी एकाच्याही मनात खोट नाही. तरीही मला आता या वाक्याचा राग येतो. हा कृतघ्नपणा आहे असं ज्यांना वाटेल त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं, मग मला काय बोलायचं ते बोलावं.

घडलं ते असं. जुलैमध्ये थोरल्या मुलीला पुण्यातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. हॉस्टेलचा भरवसा नव्हता, म्हणून पहिलं वर्षभर तिच्या आईनं तिच्याजवळ राहावं असं घरात ठरलं. बीएडला माझ्या शेजारी बसणारा मित्र गेली वीसेक वर्षं पुण्यात आहे. पाठ टाचणं एकमेकांच्या वहीतून उतरवून काढलेले आम्ही. त्याच्या लग्नात मी चार दिवस राबलो होतो. माझे अब्बा गेले तेव्हा तो रात्रीच्या एसटीनं सोलापूरला आला, आणि कब्रस्तानात इतरांबरोबर तीन मुठी माती देऊन मगच बाजूला झाला. तेव्हा आमची मैत्री कच्ची आहे असं कुणी समजू नये.

त्याच्याच सोसायटीत, शेजारच्या इमारतीत, एक वनबीएचके रिकामा होता. एजंटनं दाखवला. कॉलेज चालत दहा मिनिटांवर. मालक परगावी राहतात, फोनवर बोलणं झालं, भाडं ठरलं, मी पाच हजार टोकन दिलं. करारासाठी आधार कार्डाचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. "सर, मालकांची काही हरकत नाही. पण सोसायटीचा प्रॉब्लेम आहे. तुम्ही समजून घ्या." संध्याकाळपर्यंत टोकन फोनपेवर परत आलं होतं. पैशाच्या बाबतीत माणूस चोख निघाला.

त्या सोसायटीच्या कमिटीत माझा मित्र खजिनदार आहे.

मी फोन केला. तो म्हणाला, "मला कळलं रे. मीटिंगमध्ये विषय निघाला होता. दोघं-तिघं अडून बसले. लोक कसे असतात तुला माहितीये. पण तू टेन्शन घेऊ नकोस, मी आहे ना. आपण कोंढव्यात बघू. तिकडे तुमच्या लोकांना पटकन मिळतं."

मी विचारलं, "तू काय बोललास मीटिंगमध्ये?"

थोडा वेळ तो गप्पच होता. मग म्हणाला, "मी एकटा बोलून काय होणार?"

माझा सगळा वाद या एका प्रश्नोत्तराशी आहे. "मी आहे ना" हे वाक्य जिथं उच्चारायला हवं होतं ती खोली त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. तिथं सात-आठ माणसं बसली होती आणि तिथं ते वाक्य कुणाला तरी ऐकू गेलं असतं. तिथं तो गप्प बसला आणि मग तेच वाक्य त्यानं अडीचशे किलोमीटरवर मला ऐकवलं. पत्र बरोबर लिहिलेलं होतं, फक्त पत्ता चुकला होता.

आता कुणी म्हणेल, बिचारा करणार तरी काय होता? पुष्कळ काही. राज्याच्या सहकार खात्यानं दिलेले आदर्श उपविधी बहुतेक सोसायट्यांनी स्वीकारलेले असतात. त्यांच्यानुसार सदस्याला आपला फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची आगाऊ परवानगी लागत नाही. कळवावं लागतं, कराराची प्रत द्यावी लागते, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरावे लागतात. हे चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि ते गोळा कोण करतं? खजिनदार. म्हणजे हा नियम कमिटीत सगळ्यांत जास्त ज्याला पाठ असायला हवा, तोच माझा मित्र. त्याला माझी बाजूही घ्यावी लागली नसती. हिंदू-मुस्लिम ऐक्यावर भाषण तर मुळीच करावं लागलं नसतं. "हा विषय आपल्या अधिकारात येत नाही, पुढचा विषय घ्या," एवढं म्हणून चहा मागवता आला असता.

दुसऱ्या एका मित्रानं, तो वकिलांच्या घरातला, वेगळा दिलासा दिला. "अरे, देशात संविधान आहे, असं कुणी करू शकत नाही." संविधान आहेच, आणि मी दरवर्षी २६ नोव्हेंबरला मुलांकडून उद्देशिका म्हणवून घेतो. पण कलम १५ मधली मनाई आधी राज्यसंस्थेला लागू आहे, आणि पुढं दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांना. भाड्याच्या फ्लॅटचं नाव त्यात नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सदस्यत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध धरला. कायद्याची मोठी पुस्तकं माझ्या फारशी कामाची नाहीत. माझ्या कामाचं होतं ते सोसायटीच्या कपाटातलं छोटं पुस्तक, आणि त्या कपाटाची किल्ली मित्राच्या खिशात होती.

"पुण्यात असं काही नसतं" हाही एक दिलासा. तो माझ्या आईला देऊन बघा. २ जून २०१४ च्या रात्री हडपसरमध्ये आमच्या सोलापूरच्याच एका आयटीतल्या तरुणाला जमावानं मारून टाकलं. फेसबुकवरच्या मजकुरावरून शहर तापलं होतं, त्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. खटल्यातले आरोपी जानेवारी २०२३ मध्ये पुराव्याअभावी सुटले. माझी आई शाळेत गेलेली नाही, पण ही दोन्ही सालं तिला पाठ आहेत. मुलगी निघाली त्या दिवशी ती मला म्हणाली, "बच्ची कू अकेली नक्को छोड, बाबा." मी काय म्हणालो असेन? "अम्मी, तू फिकर मत कर, मेरे दोस्त हैं उधर." बघा, तेच वाक्य. मीही ते पुढं सरकवलं.

आईनं काही उत्तर दिलं नाही. नातीच्या दंडाला हिरव्या कापडात एक नाणं बांधलं. दख्खनेत याला इमाम जामिन म्हणतात. प्रवासाला निघालेल्या माणसाला इमामांच्या हमीवर सोपवायचं, तो सुखरूप पोहोचला की नाणं गरिबाला द्यायचं. (माझ्या वाचकांपैकी काही जणांना हे बिदअत वाटतं. त्यांच्याशी वाद पुन्हा कधीतरी.) भाषेचा मास्तर असल्यानं मला त्या शब्दापाशी थांबावंसं वाटलं. 'दिलासा' फारसीतून मराठीत आला: दिल म्हणजे मन, आणि त्या मनाला आराम देणारा तो दिलासा. 'जामीन' अरबीतून आला. उर्दूत तो ज़्वादनं लिहितात, आणि आमची सातवीची पोरं दरवर्षी ज़े लिहून गुण घालवतात. त्याचा अर्थ, दुसऱ्याचं ओझं आपल्या नावावर घेणारा. दोन्ही शब्द मराठीनं कधीच आपले केले आहेत. दिलाशाला खर्च नसतो. जामीन राहणाऱ्याला मात्र सही करावी लागते, आणि समोरचा बुडाला तर याच्या दारावर टकटक होते. माझ्या न शिकलेल्या आईला आपल्या नातीसाठी दिलासा नको होता, जामीन हवा होता. मित्रांमध्ये तो सापडत नाही हे तिनं माझ्याआधी ओळखलं.

कुठं दिलासा पुरतो आणि कुठं पुरत नाही हे सांगायला हवं, नाहीतर मी सगळ्याच सहानुभूतीवर उखडलोय असा समज होईल. अब्बा गेले तेव्हा मित्र म्हणाला होता, "मी आहे." ते पुरलं. मृत्यूला कुणी मीटिंगमध्ये उत्तर देऊ शकत नाही. आजारपण, पावसानं पडलेलं घर, पोराचं अपयश, अशा दुःखांत शेजारी बसलेला माणूस हेच औषध असतं. पण माझी आत्ताची असुरक्षितता आभाळातून पडलेली नाही. तिला नावं-गावं आहेत. ती कुणाच्या तरी तोंडून निघते, आणि ते तोंड बहुतेक वेळा माझ्या मित्राच्या शेजारच्या खुर्चीवर असतं. तिथं मला धीर देणं म्हणजे शेजारच्या घरातून दगड येत असताना मला "फार लागलं नाही ना?" असं विचारत राहणं. विचारावं जरूर. पण दगड मारणारा तुमच्या ओळखीचा आहे, त्यालाही काही विचाराल की नाही?

आमच्या बीएडच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापूरमध्ये घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला, त्या आठवड्यात ग्रुपवर काय काय आलं ते लिहीत नाही. अमक्यांकडून भाजी घेऊ नका, तमक्यांच्या रिक्षात बसू नका, असल्या मजकुराचे फॉरवर्ड. टाकणारा चांगला शिक्षक आहे, आणि त्याच्या वर्गातही आमची पोरं असतात. त्या रात्री मला खासगीत पाच मेसेज आले. "सॉरी रे, त्याचं मनावर घेऊ नकोस." "तो तसाच आहे, सोड." "तुझ्याबद्दल नाहीये ते." खासगीत पाच आणि ग्रुपवर शून्य. मला पाचही जण प्रिय आहेत. पण फॉरवर्ड टाकणाऱ्याच्या हिशेबानं बघा: त्यानं पन्नासेक माणसांसमोर ते टाकलं, आणि पन्नास माणसं त्याच्याशी सहमत आहेत असंच त्याला वाटलं. तसं न वाटण्याचं कारणच त्याला मिळालं नाही. ज्या कारणांनी त्याचा गैरसमज मोडला असता, ती पाचही कारणं माझ्या इनबॉक्समध्ये पडून होती.

"तुझ्याबद्दल नाहीये ते" याच्याबद्दल थोडं जास्त बोलतो. त्याचीच भावंडं म्हणजे "तू तसा नाहीस", "तुझं मराठी किती शुद्ध आहे, वाटतच नाही". मी मराठी शिकवतो, ते शुद्ध नसेल तर माझी नोकरी काढून घ्या. पण ही स्तुती ऐकताना मला व्याकरणाचा तास आठवतो. अपवाद सांगितला की नियम आणखी पक्का होतो, हे आम्हीच मुलांना शिकवतो. मला अपवादाच्या खान्यात बसवलं की बाकीच्या सगळ्यांसाठी नियम तसाच राहतो. माझा मेव्हणा वेल्डिंगचं काम करतो, दाढी राखतो, मराठी बोलताना लिंग चुकवतो. तो "तसा" आहे का? त्याला फ्लॅट नाकारला तर चालेल का? जो दिलासा मला माझ्या घरच्यांपासून वेगळा काढून मगच दिला जातो, तो मी घ्यायचा कसा?

त्या पाच जणांत नसलेल्या एका मैत्रिणीबद्दल सांगायलाच हवं. तीही त्याच बॅचची, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर एकच ओळ लिहिली: "हा मेसेज काढ. आपल्या बॅचमध्ये तो आहे म्हणून नाही, तो नसता तरी काढ." मला तिनं खासगीत काहीही लिहिलं नाही. टाकणारा दोन दिवस रुसला, एक जण ग्रुप सोडून गेला, तिसऱ्या दिवशी कुणीतरी महागाई भत्त्याची बातमी टाकली आणि सगळे तिकडे वळले. म्हणजे एकटीनं बोलून एवढं झालं. फार काही झालं नाही म्हणाल, तर तेही खरं. पण त्यानंतर तसले फॉरवर्ड कमी झाले, आणि आभाळ कोसळलं नाही.

याच मैत्रिणीची दुसरी गोष्ट. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी जायची. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयानं मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. म्हणजे आमच्यासारख्या उर्दू शाळांतले शिक्षक ना इकडचे ना तिकडचे. वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून झाल्यावर मी पुन्हा परीक्षेला बसायचं की वाट बघायची? घर भाड्यानं मिळेना आणि नोकरीची ही तऱ्हा, दोन्ही एकाच पावसाळ्यात. दिलासे धो धो आले. "शासन काहीतरी मार्ग काढेल." "संघटना गेल्यात कोर्टात." "तुम्हाला काय, तुमच्या शाळांना लागूच नाही, मजा आहे तुमची!" शेवटचा तर दिलासा की टोमणा, हेही कळत नव्हतं.

तिचा फोन आला. "काळजी करू नकोस" वगैरे नाहीच. म्हणाली, "मी फॉर्म भरतेय, तूही भर. रोज रात्री साडेनऊला फोन. तू माझं मराठी व्याकरण घे, मी तुझं सामाजिक शास्त्र घेते. बालमानसशास्त्र दोघं मिळून. नापास झालो तर दोघं होऊ." तेव्हापासून आम्ही पियाजे आणि व्हायगॉट्स्की नव्यानं घोकतोय. बीएडला हे सगळं शिकलो होतो, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलो होतो. माझी बायको आधी हसली. आता साडेनऊ वाजले की टीव्हीचा आवाज स्वतःच कमी करते. माझी भीती गेलेली नाही, पण ती आता रोज तासभर कामाला लागते.

"एकट्यानं बोलून काय होतं?" या प्रश्नाकडे परत येतो, कारण तो फेटाळण्यासारखा नाही. माझा मित्र भित्रा नाही. त्याला त्याच सोसायटीत राहायचंय, त्याच लोकांबरोबर गणपती बसवायचाय, लिफ्टमध्ये रोज तीच तोंडं बघायची आहेत. त्याला किंमत मोजावी लागेल, हे मला मान्य आहे. पण एकट्यावर किंमत पडते म्हणूनच ती वाटून घेण्याची व्यवस्था उभी करायची असते, आणि हे काही माझं स्वप्न नाही. महाराष्ट्रात हे झालेलं आहे.

भिवंडी घ्या. १९७० आणि १९८४, दोन भीषण दंगली झालेलं, यंत्रमागांच्या खडखडाटातलं गाव. "भिवंडी" म्हटलं की लोक मान हलवायचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. प्रत्येक वस्तीतले दोन्ही समाजांचे लोक आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसायचे. भाईचाऱ्याच्या घोषणा द्यायला नव्हे, तर शेजाऱ्यांमधल्या रोजच्या तक्रारी आणि भांडणं मिटवायला. अशा किरकोळ कामांतून माणसं एकमेकांना नावानं ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, सुमारे ९०० माणसं गेली. भिवंडी, जिथं सगळे दंगलीची वाटच बघत होते, ती शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी याची दखल घेतली आहे. मुंबईतही १९९३ नंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि इतरांनी मोहल्ला कमिटी चळवळ उभी केली.

भिवंडीत अफवा आलीच नसेल असं कसं म्हणता येईल? पण अफवा आल्यावर जाऊन विचारायला एक माणूस होता, आणि त्या माणसाचं सगळ्यांसमोर "हे खोटं आहे" म्हणणं हे आधीपासून ठरलेलं काम होतं. त्यासाठी त्या क्षणी नवं धैर्य गोळा करावं लागत नव्हतं. माझ्या मित्राला सोसायटीत हेच मिळालं नाही. आधी बोलून ठेवलेला एक जरी माणूस त्याच्याबरोबर असता तर तो बोलला असता, असं मला मनापासून वाटतं. पण मग त्यानं तो एक माणूस आधी का शोधला नाही? वीस वर्षं आहे तो तिथं. आपला एक मित्र मुस्लिम आहे आणि कधी ना कधी हा प्रश्न आपल्या दारात येणार, हे त्याला ठाऊक नव्हतं का?

इथवर वाचून माझ्या समाजातले वाचक खूश झाले असतील. त्यांनी थोडं थांबावं. माझं थोबाडही धुतलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत होतो. एक शिक्षण सेविका होती, नवऱ्यापासून वेगळी, दोन लेकरं पदरात. तिचं मानधन खात्यावर पूर्ण जमा व्हायचं, आणि त्यातला ठरावीक हिस्सा दर महिन्याला रोखीनं कार्यालयात परत द्यावा लागायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस ती स्टाफरूममध्ये रडली. मी म्हणालो, "सब्र करो आपा, अल्लाह सब ठीक करेगा. हम हैं ना." मग स्टाफ मीटिंग झाली. चेअरमन साहेबांनी विचारलं, "किसी को कुछ कहना है?" मी हजेरीपत्रकात तोंड घालून बसलो. तिनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग असता तर बरं झालं असतं, पण नव्हता. तिला अपेक्षाच नव्हती. वर्षभरात ती शाळा सोडून गेली. मी तिथंच राहिलो, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी दुसरीकडे गेलो. मित्राशी फोनवर बोलताना तो क्षणभर गप्प झाला, ती शांतता मी लगेच ओळखली. ती माझ्याच घरातली होती.

आमच्याकडे सब्र हा मोठा शब्द आहे, आणि त्याचा अर्थही मोठा आहे: पाय रोवून उभं राहणं. आम्ही त्याचा वापर बायकांना, गरिबांना आणि नव्या नोकरदारांना गप्प बसवायला करतो. तलाक झालेल्या बहिणीला सब्र सांगतो, पण तिच्या मेहेरची बोलणी करायला तिच्या सासरी जात नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. दलवाईंचं सगळं मला पटत नाही, माझ्या बऱ्याच वाचकांना तर काहीच पटत नाही. पण त्यांनी त्या सात जणींना घरी बसवून दिलासा दिला नाही, एवढं तरी मान्य करा. ते त्यांच्याबरोबर रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर टीका करणारे आपण आपापल्या मोहल्ल्यात कितींना जामीन राहिलो?

म्हणून मित्रावरचा माझा राग वरून खाली पाहणाऱ्याचा नाही. तो आणि मी एकाच बाकावरचे आहोत, तेव्हाही आणि आताही. राग आहे तो एवढ्यासाठी, की आम्ही दोघंही शिक्षक असून आम्हाला बोलायला वीस वर्षं लागली.

मुलीला शेवटी हॉस्टेल मिळालं. कोंढव्यात आम्ही पाहिलंच नाही, कारण तिथून कॉलेजला दोन बस बदलाव्या लागतात, आणि मला माझ्या मुलीला "तुमच्या लोकांत" पाठवायचं नव्हतं, कॉलेजात पाठवायचं होतं. आईनं बांधलेलं नाणं पुण्याला पोहोचल्यावर तिनं स्टेशनबाहेरच्या एका म्हाताऱ्याला दिलं. त्याचं नाव-गाव काय, ते तिनं विचारलं नाही.

हा लेख टाकण्याआधी मी मित्राला वाचायला पाठवला. त्याच्या परवानगीशिवाय तो इथं आला नसता. दोन दिवस उत्तर नव्हतं. काल रात्री, नेमका साडेनऊच्या अभ्यासाच्या मधेच, त्याचा फोन आला. लेखाबद्दल काहीच बोलला नाही. मुलगी कशी आहे विचारलं, गुडघेदुखीबद्दल बोलला, मग म्हणाला, "ते उपविधीचं तू लिहिलंयस ना, भाडेकरूसाठी परवानगी लागत नाही म्हणून, त्या पानाचा फोटो पाठव जरा." मी म्हटलं, खजिनदार तू आहेस, पुस्तक तुझ्या कपाटात असेल. तो म्हणाला, "कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे असते रे."

तेव्हा वर 'मित्राच्या खिशात' लिहिलंय, ते चुकलं. दुरुस्त करत नाही, तसंच ठेवतो. फोटो रात्रीच पाठवला. त्यांची मीटिंग रविवारी आहे.